कुमुदताईंच्या वजनाची गाडी

कुमुदताई पांढरीपांडे हे नाव आधी लिहून टाकतो. पुढचं सांगण्याच्या भरात ते मागं पडायला नको. यवतमाळात मुलींना त्यांनी जन्मभर गणित शिकवलं. मी त्यांचा विद्यार्थी नव्हे. माझी शाळा पुसदच्या पलीकडची, आणि तीही नववीत अर्ध्यावर सुटली. पण आज माझ्या हातून जे काही नीट मोजलं जातं ते त्यांच्यामुळे. दुसरं नाव मोतीराम मेश्राम यांचं. जिनिंगच्या काट्यावर ते कापूस मोजायचे. ते आता नाहीत, म्हणून त्यांचंही इथंच घेतो. ही दोन माणसं नसती तर मी त्या वर्षी यवतमाळजवळच्या लोहाऱ्याहून निघालो असतो, आणि कुठं पोचलो असतो ते मला खरंच सांगता येत नाही.

माझा बाप पुसदला जिनिंगमध्ये गाठी बांधायचा. कापसाचं बिनसलं तसं ते जिनिंग पाच महिन्यांवरून तीनवर आलं, तीनवरून एकावर, आणि एका वर्षी दसरा झाला तरी मालकानं फाटकच उघडलं नाही. मग आमच्या तांड्यावरची निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जाऊ लागली. याडी म्हणजे माझी आई, बाप, धाकटी बहीण, कोंबड्या, तवा, सगळं एका ट्रकमध्ये चढायचं आणि पार सांगली-कोल्हापूरकडं निघून जायचं. मी तोवर लोहाऱ्याला दादारावभाऊंकडं कमानीच्या वर्कशॉपात लागलो होतो. त्यामुळं माझ्यावर एक चमत्कारिक वेळ आली. लोक घर सोडून लांब जातात, माझं घरच मला सोडून लांब गेलं. सुटी मिळाली तरी जायचं कुठं? तांड्यावर दाराला कुलूप, आणि किल्ली याडीच्या कमरेला, कुठल्या तरी उसाच्या फडात.

मी वर्कशॉपच्या मागच्या खोलीत राहायचो. शेजारी लोहाऱ्याच्या जिनिंगची भिंत. आधीच्या हिवाळ्यात त्या भिंतीतून दिवसभर यंत्रांची घरघर यायची, इतकी की भाकर चावतानाही दातांत जाणवायची. मला तिचा राग यायचा. पुढच्या हिवाळ्यात ती बंद होती, आणि मग कळलं की त्या आवाजाला आपण सोबत समजत होतो. भाऊंची बायको, आमची वहिनी, दुपारी डबा पाठवायची. ज्वारीची भाकर, चून, म्हणजे पिठलं, नाही तर अंबाडीची भाजी, आणि कागदात बांधलेला ठेचा. डब्याच्या झाकणावर ती खडूनं उत्तमचा ‘उ’ काढायची, माझा डबा ओळखू यावा म्हणून. खरं तर वर्कशॉपात तेव्हा जेवणारे भाऊ आणि मी, दोघंच उरलो होतो. बाकीचे कारागीर काम नाही म्हणून नागपूर, हैदराबाद करत पांगले होते. तरी ती ‘उ’ काढायची, आणि मी जेवून झालं की झाकण लगेच पुसत नसे.

आमचं काम म्हणजे जिपा. काळ्या-पिवळ्या, गावोगाव माणसं भरून नेणाऱ्या. त्यांच्या मागच्या कमानी, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बसायच्या, पट्टे तुटायचे. आम्ही पट्टा वाढवायचो, भट्टीत तापवून कमान चढवायचो. भाऊंची एक रीत होती. वर्कशॉपच्या कोपऱ्यात सरकीची तीन पोती कायम पडलेली असायची, ऑइलनं काळी झालेली. कमान बसवली की ती पोती गाडीत टाकायची आणि भरल्या गाडीवर उंची बघायची. भाऊ म्हणायचे, “रिकामी गाडी कोण चालवते बे यवतमाळात? भरूनच पाह्य.” मी तीन वर्षं हेच केलं. गाडी म्हणजे पोती, इतकं ते हातात बसलं होतं.

आणि अशा वर्कशॉपात कुमुदताई ती गाडी घेऊन आल्या. विलायती, दोन सीटची, वर कापडाचं छप्पर, दुधी रंग मळून पिवळसर झालेला. इतकी बुटकी की आमच्या जिपांशेजारी उभी केली तर एखादं पोर मोठ्यांच्या पंगतीत बसल्यासारखी वाटली. ताईंच्या थोरल्या भावानं ती कधी काळी मुंबईहून जुनीच आणली होती. ते इंजिनिअर होते. लग्न दोघांनीही केलं नाही. हे थोरले बंधू गेल्यावर ताई एकट्या ती चालवायच्या, दर रविवारी पुसदला धाकट्या बहिणीकडं. बहिणीला अर्धांग झालेलं, बिछान्याला खिळलेली. एसटीनं गेल्या असत्या, पण पाठीची चकती सरकलेली, आणि एसटीच्या मागच्या बाकड्यावर एकदा बसून आल्या त्या महिनाभर झोपून होत्या.

“आता हीसुद्धा बसू देत नाही,” ताईंनी भाऊंना सांगितलं. “चाकांच्या तारा सैल झाल्यात, मागं पट्टे बसलेत, शॉकप तर नावालाच आहेत. नागपूरच्या एका गृहस्थांना ही गाडी हवी आहे, दोन वर्षं मागं लागलेत. संक्रांतीनंतर येतो म्हणाले. तोवर पाठीला झेपेल अशी झाली तर ठेवीन. नाही तर देऊन टाकीन.”

“आन मग पुसद?” भाऊंनी विचारलं.

ताईंनी नुसतं गाडीकडं पाहिलं.

भाऊंनी काम माझ्यावर टाकलं, कारण टाकायला दुसरं कोणी नव्हतं. मी एकोणीस वर्षांचा. ताईंनी विचारलं, “काय बसवायचं ते कोण ठरवणार?” भाऊंनी माझ्याकडं बोट केलं. ताई म्हणाल्या, “ठीक आहे. तू निवड, उत्तम.”

हे वाक्य मी पुढं पुष्कळ दिवस मनात घोळवलं. तोवर मला कोणी काही निवडायला सांगितलं नव्हतं. शाळा सोडायची हे बापानं ठरवलं, लोहाऱ्याला यायचं काकानं, झोपायची जागा भाऊंनी. आता एवढी विलायती गाडी समोर, आणि चाकं कुठली, कमान कशी, शॉकप कुणाचे, हे मी ठरवायचं. मला आनंद झाला असं लिहायला हवं. मला भीती वाटली. आणि भीती वाटली की माणूस दिसायला मोठं दिसेल असं काहीतरी करतो.

जुनी तारांची चाकं परत बसवता येत नव्हती. तारा बदलल्या असत्या, पण आतले दात झिजले होते, चाक आसावर कटकट वाजायचं. नवी चाकं घ्यायचीच होती. नागपूरच्या एका दुकानाचा रंगीत कॅटलॉग भाऊंकडं होता, त्यात रुंद अलॉयची चाकं, चकचकीत, आणि त्यावर पातळ कडेचे रुंद टायर. भाऊ म्हणाले, “स्पोर्टची गाडी हाय. टायर दिसाले पाह्यजे.” मलाही तेच हवं होतं. मी बोट ठेवलं, चाकं आली, लोहाऱ्याच्या टर्नरकडून ती बसण्यासाठी चकत्या करून घेतल्या. लावली तर मागचे टायर मडगार्डला घासायला लागले.

“घासते त पट्टा वाढव,” भाऊ म्हणाले. त्यांच्याकडं कुठल्याही दुखण्याला हेच औषध होतं.

मी जिपेचा एक पट्टा कापून आत घातला. गाडी वर आली. मग नेहमीसारखी सरकीची पोती आणली. दोन डिकीत, एक डाव्या सीटवर, आणि मी स्वतः स्टिअरिंगवर बसलो. खाली उतरून बघितलं तर गाडी अगदी सपाट, पुढून मागून सारखी. शॉकपही मी कडक निवडले होते, जड गाडीचे. पोती काढल्यावर मागची बाजू थोडी उचलली गेली ते मला दिसलं. खोटं कशाला लिहू, दिसलं होतं. पण जिपांची पण तशीच उचलायची, आणि कोणी कधी तक्रार केली नव्हती.

रविवारी ताई गाडी घेऊन निघाल्या. दारव्ह्यापर्यंत गेल्या आणि तिथून परत फिरल्या. शेजारच्या दोघांनी त्यांना गाडीतून उचलून घरात नेलं.

ही बातमी सोमवारी भाऊंना लागली. भाऊ वाईट माणूस नव्हते. पण त्या वर्षी त्यांची स्वतःचीच झोप उडालेली. गावात एक तोंड दुसऱ्या तोंडाला सांगणार, आणि उरलेसुरले गिऱ्हाईक जाणार, हे त्यांना दिसत होतं. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, “उत्तम्या, तू काही दिवस घरी जाऊन ये बाप्पा.”

“कोणत्या घरी, भाऊ?” मी विचारलं. हे मी उलट बोलायचं म्हणून बोललो नव्हतो. मला खरंच माहीत नव्हतं.

त्यांनी पाना उचलला, खाली ठेवला. वहिनीचा डबा त्या दिवशीही आला, झाकणावर ‘उ’ होता. मी तो उघडला नाही. पिशवी भरायला घेतली. पिशवीत दोन शर्ट, एक चादर, बहिणीनं शाळेत काढलेलं बैलाचं चित्र. भरायला काही वेळ लागत नाही इतकंच सामान, तरी मी दुपारभर भरत होतो.

संध्याकाळच्या आत ताईंच्या शेजारचे काका स्कूटरवर आले. भाऊंना म्हणाले, “बाईंनी त्या मुलाला बोलावलंय. म्हणतात, त्यालाच पाठवा, गाडीला दुसऱ्या कोणाचा हात लागायला नको.”

भाऊंनी मला पाहिलं. “जाय. पाय धर. आन शाहाणपणा करू नको.”

ताईंचं घर छोटं, दोन खोल्या आणि पत्र्याचं गॅरेज. ताई जमिनीवर चटई घालून उताण्या पडल्या होत्या, गुडघ्यांखाली लोड. रेडिओ हळू आवाजात चालू होता, बातम्यांत कापसाचा भाव सांगत होते आणि त्या छताकडं बघत ऐकत होत्या. मी दाराशीच उभा राहिलो. पाय धरायचे तर वाकायला हवं, आणि वाकलो तर रडू येईल, अशी माझी गत. त्यांनी रेडिओ बंद करायला सांगितला. मग म्हणाल्या,

“उत्तम, तू मला किती वजनाची धरलंस?”

मला समजेना. “ताई?”

“गाडी बनवताना. माझं वजन किती धरलं होतंस?”

मी पोत्यांचं सांगितलं. दोन डिकीत, एक डाव्या बाजूला. मी सांगत होतो आणि माझं मलाच ऐकू येत होतं. ताईंनी मनात बेरीज केली असणार, कारण त्यांचे ओठ हलले. आणि मग त्या हसायला लागल्या. हसण्यानं पाठीत कळ येत होती, म्हणून “आई गं” म्हणत होत्या आणि तरी हसत होत्या.

“म्हणजे मी अन् माझ्यासोबत दोन क्विंटल सरकी! अरे, मी पुसदला बहिणीला भेटायला जाते, तेलाच्या घाण्यावर नाही.”

मी तिथंच खाली बसलो आणि रडलो. त्यांनी रडू दिलं. मग शेजारणीनं आणून ठेवलेल्या डब्याकडं बोट केलं. “गोळाभात आहे. घे. मला पडून खाता येत नाही, आणि टाकायचा नाही.” बेसनाचे गोळे भातात कुस्करून, वर हिंगाची गरम फोडणी. त्या घराबाहेर मी तसा गोळाभात पुन्हा खाल्ला नाही. आता पुण्यात हॉटेलात वैदर्भीय थाळी म्हणून देतात. मागवतो आणि अर्धा ठेवतो.

जेवताना त्यांनी मला प्रश्न विचारले. बोलणं शिक्षकाचंच, पण रागाचा लवलेश नाही. खड्डा आला की आधी कोण हलतं? चाक. चाक जड असेल तर? जोरात आपटतं. आपटलेलं कुठं जातं? टायरच्या कडेत जिरतं. कड पातळ असेल तर? कमानीत जातं. कमान दोन क्विंटलांची असेल आणि वर पन्नास किलोची बाई असेल तर? मी घास गिळला आणि म्हणालो, “कमान वाकतच नाही, ताई. सगळं तुमच्या पाठीत येते.”

“झालं तर मग,” त्या म्हणाल्या. “तुला सगळं येतं. फक्त कोण बसणार आहे ते तू विचारलं नाहीस.”

नागपूरचे गृहस्थ यायला तेव्हा तीन आठवडे होते. ताईंनी भाऊंना निरोप धाडला की चाकं आणि पट्टा आपल्याच हौसेनं घालून घेतले होते, मुलाचा त्यात दोष नाही. हे खरं नव्हतं. भाऊंनाही ते खरं नाही हे माहीत होतं. पण त्यांनी पिशवीकडं बघून “काढ ते कपडे” एवढंच म्हटलं, आणि मी राहिलो.

या वेळी मी पोत्यांना हात लावला नाही. जास्तीचा पट्टा काढला. मूळचे पाच पट्टे सुटे करून घासले, एक जाड होता तो काढून पातळ घातला आणि कमानीचा बाक थोडा उतरवून घेतला. शॉकप छोट्या व्हॅनचे, मऊ. मडगार्ड हातानं दाबलं की गाडी खाली जावी, एकदा वर यावी आणि गप्प उभी राहावी, इतपत. राहिली चाकं. आणि चारही कोपऱ्यांवर खरं वजन किती येतं, हे कळल्याशिवाय पुढं जायचं नाही असं ताईंनी बजावलं होतं. आता एवढा काटा आणायचा कुठून?

भिंतीपलीकडं होता. जिनिंगच्या आवारात जमिनीत बसवलेला, बोटभर वर राहिलेला लोखंडी काटा, ज्यावर कापसाच्या बैलगाड्या मोजायच्या. मोतीराम मेश्राम तिथं रोज यायचे. कापूस नव्हता, पण ते यायचे, काटा पुसायचे, दांडी तेलानं चोळायचे आणि खुर्चीवर बसून राहायचे. मी “जय भीम, काका” म्हणून सगळं सांगितलं. ते ऐकून त्यांनी टोपी सरळ केली.

“चाक-चाक मोजाचं? असं म्या कधी केलं नाई. आण पण. दांडीले गंज चढून राह्यला माह्या.”

चालू लागल्या तशा ताई स्वतः आल्या. पाठीला पट्टा बांधलेला, हातात उशी आणि जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, पाठकोऱ्या बाजूवर हिशेब करायला. आधी मी चाकंच मोजली. रुंद अलॉय टायरसकट सतरा किलो. व्हॅनचं साधं लोखंडी चाक, अरुंद, जाड कडेचा टायर, बारा किलो. ताईंनी दोन्ही आकडे लिहिले. निवड त्यांनी परत माझ्यावर सोडली होती. मी अलॉयच्या चाकांवर हात फिरवला. खरंच सुंदर होती. मग लोखंडी उचलली.

मग ताईंना काट्यावर उभं करायची वेळ आली. मोतीरामकाका दांडीमागं जाऊन उभे राहिले, चेहरा एकदम कामाचा.

“या साली कापूस नाई आला, बाई आल्या,” ते म्हणाले. “भाव कोनता लावू, मॅडम? फरदडीचा?” फरदड म्हणजे हंगाम सरल्यावरचा, शेवटचा पिवळा पडलेला कापूस.

“फरदड तुमच्या घरी,” ताई म्हणाल्या. “पहिल्या वेचणीचा लावा.”

“पन्नास किलो आठशे,” काकांनी मोठ्यानं पुकारलं, जसं भरल्या आवारात पुकारायचे तसं. रिकाम्या पत्र्यांच्या शेडमधून आवाज परत आला. कित्येक महिन्यांनी त्यांनी तिथं आकडा पुकारला होता.

त्यानंतर दोन दिवस आम्ही तेच केलं. ताई सीटवर बसायच्या. एक चाक काट्यावर, बाकी तिन्हींखाली तेवढ्याच उंचीच्या फळ्या. काका दांडी सरकवायचे, आकडा पुकारायचे, ताई लिहायच्या. मग गाडी फिरवून दुसरं चाक. ताई बसतात ती उजवी बाजू जड, हे तर दिसतच होतं, पण तिरपं बघितलं तर एक कोपरा अधांतरी असल्यासारखा हलका निघाला. मी पुढच्या स्प्रिंगखाली चकती घालायचो, मागची कमान पुन्हा उतरवायचो, पुन्हा मोजायचो. दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंच्या चेहऱ्यावर दुखणं दिसायला लागलं. मी म्हणालो, “ताई, तुमच्या वजनाएवढ्या विटा ठेवतो, तुम्ही उतरा.” त्या म्हणाल्या, “विटा वळणावर कलतात का? मी कलते.” आणि बसून राहिल्या.

चार आकडे जवळजवळ जुळले तेव्हा मोतीरामकाकांनी दांडी सोडली आणि म्हणाले, “आता हे गाडी मॅडमची झाली. दुसरा बसन त रुसन.”

ते खरं होतं, आणि माझ्या ते उशिरा लक्षात आलं. रविवारी ताई निघायच्या होत्या. मनातून मी धरून चाललो होतो की मी डावीकडं बसणार. पुसदचा रस्ता म्हणजे माझा रस्ता. दिग्रस मागं पडलं की डोंगर ओळखीचे व्हायला लागतात. पण मी बसलो तर साठ किलो डावीकडं, आणि सगळं केलेलं फुकट. ताईंना ते ठाऊक होतं, मलाही. त्यांनी “येतोस का” विचारलं नाही, मी “येऊ का” म्हटलं नाही. फाटकापाशी त्यांनी एवढंच विचारलं, “तुझा तांडा पुसदच्या कोणत्या बाजूला रे?” मी सांगितलं. गाडी निघाली. साधी लोखंडी चाकं, दिसायला काहीच नाही. नाक्यावरच्या खड्ड्यात पुढचं चाक गेलं, आणि ताईंचं डोकं हललं नाही. मी ते डोकंच बघत होतो. मग वळण आलं.

तो रविवार माझ्या आयुष्यातला सर्वांत लांब रविवार. वर्कशॉप बंद. जिनिंगचं फाटक बंद. मी झाकण पुसलं, भट्टीतली राख काढली, आधीच झाडलेली खोली पुन्हा झाडली. जरा आवाज झाला की फोनकडं धावायचो. भाऊ त्या दिवशी सुटी असून आले आणि काही काम नसताना बाकड्यावर बसून राहिले. दुपार कलली तेव्हा फोन वाजला. भाऊंनी उचलला, ऐकलं, आणि माझ्यासमोर धरला. “घे. तुह्या ताईंचा हाय.”

“उत्तम, पोचले,” ताई म्हणाल्या. “सकाळीच पोचले. तुला लगेच कळवणार होते, पण बहिणीपाशी बसले, बोलले, चहा झाला, आणि चहाचा कप ठेवताना लक्षात आलं की पाठीची आठवणच झाली नाही. म्हणून उशीर.”

लगेच त्या पुढं म्हणाल्या, “आणि ऐक. तुझ्या तांड्यावर जाऊन आले. तुमच्या दाराला कुलूप आहे, पण दार चांगलं आहे, कुणी हात लावलेला नाही. शेजारच्या म्हाताऱ्या काकू भेटल्या, त्यांना सांगितलं की उत्तम बरा आहे, नीट जेवतो, चांगलं काम करतो. तुझी आई आली की सांगतील. काकूंनी पाच किलो तूर दिली आहे तुझ्यासाठी. डाव्या सीटवर बांधून आणते, काळजी करू नकोस.”

मी त्यांना सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं, की मला दिवसातून दहा वेळा वाटतं, ते दार कोणी फोडलं तर नसेल.

नागपूरचे गृहस्थ संक्रांतीनंतर आले. ताईंनी त्यांना तिळगूळ दिला, चहा दिला आणि गाडी देणार नाही म्हणून सांगितलं. त्यांनी लोखंडी चाकं बघून नाक मुरडलं म्हणे. ताई पुढं नऊ वर्षं, बहीण होती तोवर, त्या गाडीनं पुसदला जात राहिल्या. वर्षाकाठी एकदा मी ती काट्यावर घ्यायचो. मग मी पुण्याकडं आलो. आता चाकं-कमानीचंच काम करतो. पोरं मोबाइलवर फोटो दाखवतात, ही चाकं हवी, गाडी एवढी खाली हवी. मी विचारतो, गाडीत बसतं कोण? त्यांना वाटतं म्हातारा बडबडतो. पन्नाशीला म्हातारा म्हणायची त्यांची पद्धत आहे, आणि माझे गुडघे त्यांच्याच बाजूचे आहेत.

ताई नव्वदीकडं झुकल्यात. भाची सोबत असते. गाडी विकली नाही, गॅरेजात विटांवर उभी आहे. चालवणं बंद होऊन बरीच वर्षं झाली. मागं फोनवर म्हणाल्या, बहिणीचं घर आहे अजून पुसदला, एकदा बघायचं होतं, पण आता कोण नेणार आणि पाठ कुठं साथ देणार. मी “येतो” म्हणालो. असं मी चार वर्षं म्हणतोय. दर वेळी काहीतरी निघतं, आणि दर वेळी मी खजील होतो. म्हणून हे छापायला देण्याआधी परवा फोन केला आणि विचारलं, “ताई, वजन किती आहे आता?”

“कशाला रे? परत काट्यावर बसवतोस का?” आवाज बारीक झालाय, पण तोच. आतल्या खोलीत भाचीला विचारलं. “एक्केचाळीस म्हणते ही.”

मी लिहून घेतलं. डावीकडं एक्केचाळीस, उजवीकडं माझे अठ्ठ्याहत्तर. कमानीचा एक पट्टा काढावा लागेल, पुढच्या चकत्या बदलाव्या लागतील, टायर नवे, पण जाड कडेचेच. आठ दिवसांचं काम आहे. तुम्ही माझं दार बघून आलात ते मी कसं फेडणार, मला माहीत नाही. पण बहिणीचं घर तुम्हाला दाखवीन. दिवाळी झाली की येतो, ताई. या वेळी तुम्ही डावीकडं बसा, पुसदला मी नेणार.